उभ्या इंजिनाची चिठ्ठी

मु. पो. शिवारवाडी, ता. सोनपेठ
२ ऑक्टोबर २०२४

मामा,

नमस्कार. वाकून केला असं समजा, दिवसभर सीटवर बसून कंबर वाकंना झालीय.

परवा फोनवर मी दहा मिनिटं ओरडले. शेजारपाजारचे गोळा झाले. अन् तुमी शेवटी विचारलं, "कोण वारलं?" म्हणून हे पत्र. परभणी गाडीच्या कंडक्टर सुकेशनीताई माझ्या मैत्रीण हायत. त्या परभणीला जिंतूरकडच्या गाडीत देतील, तिथून चारठाण्याच्या फाट्यावर चहाच्या टपरीत येईल. चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या इंजिनाला कान लावून लावून तुमी कान घालवले, आता डोळे तरी वापरा.

आमच्या महिला गटाला हार्वेस्टर मिळालंय, हे आईनं सांगितलंच असंल. गटात आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालेली मी एकटी, म्हणून सध्या सीट माझ्याकडं. पण अध्यक्ष केशरबाईंचा जीव त्यांच्या लेकावर, परमेश्वरवर. तो पंजाबातून येणाऱ्या मशीनवाल्यांसंगं दोन सीझन हिंडला. बहुतेक त्यांचा चहा करत असणार. पण मिशी हाय ना! कोजागिरीला गटाची बैठक हाय, त्यात मशीन कायमची कोणाच्या हातात द्यायची ते ठरणार. केशरबाई म्हणाल्या, "चारठाण्याच्या महारुद्र मिस्त्रींचं लेखी मत आणा. ते म्हणतील ते आमाला कबूल." तर मामा, भाचीसाठी दोन ओळी लिहा. खोट्या नकोत, पण जरा गोड लिहा.

मशीन नव्या पद्धतीची हाय, धूर सोडत न्हाई. सायलेन्सरच्या जाग्यावर जाळीचा डबा हाय, काजळी त्यात अडकते. डबा भरला की समोर पिवळा लॅम्प लागतो. मग मशीन काडीकचऱ्यापासून लांब, मोकळ्या जमिनीवर उभी करायची अन् बटण दाबायचं. चाळीस मिनिटं इंजिन आपलं आपण जोरात चालतं, डबा तापतो, काजळी जळून जाते. मी हे दुपारी जेवायच्या टायमाला करायचं ठरवलंय. काल पहिल्यांदा केलं, लॅम्प गेला. आई राखण म्हणून मशीनच्या पायरीवर बसली अन् फुकट डिझेल जळतंय म्हणून कुरकुर करत राहिली. तिला तुमचंच वळण.

तुमची,
राजेश्री

*

चारठाणा
४ ऑक्टोबर

चि. राजेश्री,

आशीर्वाद. मापातच देतो, लय दिला तर डोक्यात जाईल.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं थट्टा करायलीस. चाळीस वर्षांत मी हजारानं इंजिनं उघडली. एकबी इंजिन मला म्हणलं न्हाई, की थांब महारुद्र, माझं पोट साफ होऊ दे, तवर तू भाकर खाऊन घे. धूर सोडत न्हाई म्हणे! अगं, धूर म्हंजे इंजिनाची जबान. काळा धूर निघाला तर डिझेल जास्त जायलंय, निळा निघाला तर ऑइल जळायलंय. आंधळ्या मिस्त्रीलाबी वासावरून कळतं. तुमच्या शहाण्यांनी ती जबान कापली अन् वर पिवळा दिवा लावला. देवघरात लावतात तसा. आता त्याला उदबत्ती लाव.

अन् चाळीस मिनिटं उभं इंजिन चालू ठेवायचं? माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर काय लिहिलं होतं, आठवतं का? हातभर अक्षरात लिहिलं होतं, उभं इंजिन बंद करा. तू लहान होतीस तवा त्याच अक्षरांवरून बाराखडी गिरवलीस. विसरलीस. आयटीआयनं पुसून टाकलं असंल.

लेखी मत मागितलंस. मी बघितल्याशिवाय कोणाला सर्टिफिकेट देत न्हाई. परमेश्वरला बघितलं न्हाई, तुझं मशीन बघितलं न्हाई. गुडघे धड असते तर येऊन बघितलं असतं अन् दोघांनाबी शिव्या दिल्या असत्या.

सोबत तुझ्या आईला, तानीला, वेगळी चिठ्ठी हाय, घडी करून डिंक लावलाय. भावाबहिणीची गोष्ट हाय. तू त्यात नाक खुपसू नको.

महारुद्र

*

शिवारवाडी
९ ऑक्टोबर

मामा,

तुमचा मापातला आशीर्वाद पोचला. मापात खोट असणार, कारण त्या दिवसापासून मशीनचं बिनसलंय.

डबा जाळायला लावला की पंधरा-वीस मिनिटांत इंजिन गप. आमी तिकडं बाभळीखाली जेवत असतो. आवाज थांबला की मी उष्ट्या हातानं पळत येते. बघते तर किल्ली चालूवरच, समोरचे सगळे लॅम्प लागलेले, इंजिन मात्र बंद. आई म्हणते, "मला काय म्हाईत? आपोआप गप झालं." पाच दिवसांत चार वेळा हेच. काजळी अर्धीमुर्धी जळते, डबा भरलेला तो भरलेलाच. आता मशीन ताकद देईना झालीय. जरा दाट सोयाबीन लागलं की मान टाकते.

मी काय काय केलं ते ऐका, न्हाईतर म्हणाल पोरगी नुसती बसून राहिली. डब्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजायला दोन बारीक नळ्या असतात, त्या काढून फुंकून साफ केल्या. त्यांचा सेन्सर बदलला. डिझेल फिल्टर नवा टाकला, लाईनमधली हवा काढली. बॅटरीच्या वायरी घट्ट केल्या. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं ते सगळं झालं. अन् आज ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल खुणेच्या वर! ऑइल कमी झालेलं आजवर लय बघितलं, वाढलेलं पहिल्यांदाच बघितलं. बोटाला लावून वास घेतला, डिझेलचा वास. डबा जाळताना मशीन जास्तीचं डिझेल सोडते. ते जाळणं सारखं सारखं अर्ध्यात तुटलं की डिझेल ऑइलमधी उतरतं. म्हंजे हे काम काहीतरी अर्ध्यात तोडायलंय. सेन्सर तोडतोय का वायर, ते सापडंना.

परमेश्वर रोज बांधावर येऊन उभा राहतो. काल म्हणला, "ताई, दृष्ट लागली असंल, लिंबू बांधा की!" बायका हसल्या. माझ्याच गटाच्या बायका, मामा! कोजागिरीला आठवडा राहिला. एकदा ही सीट गेली की गेली. मग पुढं कुठल्याबी गावात कुठल्याबी पोरीनं किल्ली मागितली की हेच सांगतील, बाईला जमत न्हाई, शिवारवाडीत बघितलं की आमी. तुमाला काही सुचलं तर कळवा. टोमणे मारायचे तर खुशाल मारा, पण त्यात एखादी कामाची ओळ घाला.

राजेश्री

*

चारठाणा
११ ऑक्टोबर

चि. राजेश्री,

ऑइल वाढलं! वाचून मी इतका हसलो की टपरीवाला पाणी घेऊन धावला. म्हशीनं दूध द्यायचं सोडून प्यायला लागावं तशी ही गोष्ट. जुन्या इंजिनात डिझेल पंपाचा पडदा फाटला की असं व्हायचं. तुझ्या इंजिनात पडदा हाय का न्हाई, तूच बघ. तुझं मशीन तुझ्याच पुस्तकात.

कामाची ओळ पाहिजे ना? घे. तो डबा गॅस कटरनं काप, भंगारात टाक, सरळ पाईप वेल्ड कर. मी असतो तर चहा थंड व्हायच्या आत केलं असतं. सेन्सर बदलला, नळ्या फुंकल्या! तू मिस्त्री हायस का बासरीवाली?

आता ऐक, रागावू नको. रागावलीस तरी मला ऐकू येणार न्हाई. मी केशरबाईंना कालच पत्र पाठवलं. लिहिलं, की पोरगी हुशार हाय, पुस्तक पाठ हाय, पण इंजिनाला ओळखीचा हात लागतो, तो तिला न्हाई. नवीन मशीन बंद पाडून बसली. सीट परमेश्वरला द्या, हिला डिझेल भरायला अन् फिल्टर धुवायला ठेवा. सख्खा मामा असून खरं बोललो. त्यांनी मत मागितलं, मी दिलं.

तानीला म्हणावं, ती चिठ्ठी वाचून झाली असंल तर चुलीत टाक. उगी कागद सांभाळत बसू नको.

महारुद्र

*

शिवारवाडी
१३ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार आज न्हाई.

डबा कापायचा तुमचा सल्ला तुमच्यापाशीच ठेवा. डबा काढला की मशीनचा कॉम्प्युटर ओळखतो अन् ताकद आणखी तोडतो. वर नियम मोडतो तो वेगळाच. पण तो मुद्दा आता राहिलाच न्हाई.

काल मी जेवायला गेलेच न्हाई. "भूक न्हाई, घरी जाऊन येते," असं आईला सांगितलं, वळसा घालून मागून वर चढले अन् धान्याच्या टाकीमागं दडून बसले. हातात मीटर, मीटरची टोकं सेन्सरच्या वायरीला. मनात म्हणलं, आज चोर पकडतेच. वीस मिनिटं झाली, आकडा जागचा हलला न्हाई. सगळं बरोबर चाललं होतं. तेवढ्यात पायरीवरून हिरव्या बांगड्यांचा हात वर आला. त्या हातानं किल्ली बंद केली. इंजिन गप झालं. मग त्याच हातानं किल्ली परत चालूवर फिरवून ठेवली अन् पदर सावरला.

मी म्हणलं, "आई!" ती पायरीवरून पडता पडता राहिली.

ओरडले मी. लय ओरडले. तिनं मोबाईलच्या कव्हरमधून तुमची चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. म्हणाली, "दादानं लिहून दिलंय. दादाचं इंजिनाबाबत कधी चुकत न्हाई." तुमचे शब्द तुमालाच पाठवते, विसरला असाल तर:

"तानी, पोरगी येडी झालीय. जेवायला बसते अन् इंजिन चालू ठेवते. ती पाठमोरी झाली की जरा वेळानं तू किल्ली बंद करत जा. इंजिन गप झालं की किल्ली परत होती तशी फिरवून ठेव, म्हंजे तिला वाटंल आपोआप झालं. उगी भांडण नको. तिला सांगू नको. — दादा."

वा! काय हात हाय, मामा! ओळखीचा हात म्हणतात तो हाच. चारठाण्यात बसून सोनपेठ तालुक्यातलं इंजिन बंद करणारा मिस्त्री अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा न्हाई. मी इकडं नळ्या फुंकते, वायरी मोजते, अन् सेन्सर माझी आई!

अन् एक सवाल. चिठ्ठी चुलीत टाक, हे तुमी अकरा तारखेला कामून लिहिलं? माझं नऊ तारखेचं पत्र वाचून तुमाला कळलं होतं ना? कळलं होतं, तरी "बंद पाडून बसली" असंच केशरबाईंना लिहिलंत. परमेश्वर हसला त्याचं मला काही वाटलं न्हाई. तुमच्या भिंतीवर अक्षरं गिरवलेली मी, मामा. मला लय लागलं. काल रडले. आईबी रडली, तिनं भाकर खाल्ली न्हाई.

डबा आता इतका भरलाय, की बटणानं जळणार न्हाई. कंपनीचा माणूस पंधरा तारखेला लॅपटॉप घेऊन येणार हाय. सोळाला कोजागिरी. तुमचं पत्र केशरबाईंनी उशाशी ठेवलंय.

राजेश्री

*

चारठाणा
१४ ऑक्टोबर

केशरबाई,

नमस्कार. हे पत्र बैठकीत मोठ्यानं वाचायचं. मला ऐकू येत न्हाई, बाकीच्यांना येतं.

माझं आधीचं पत्र फाडा. फाडताना परमेश्वरला समोर बसवा. त्यात मी लिहिलं, की पोरीनं मशीन बंद पाडलं. मशीन पोरीनं बंद पाडलं न्हाई. ते माझ्या बहिणीनं बंद केलं, अन् बहिणीला तसं करायला मी लिहून दिलं. नव्या मशीनचा डबा साफ व्हायला इंजिन उभ्यानं चालू ठेवावं लागतं. पोरीनं मला हे आधीच कळवलं होतं. मी ते वाचलं, हसलो, अन् तिच्या पाठीमागून चिठ्ठी धाडली.

आता खरी लाज ऐका. तिचं दुसरं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, किल्ली चालू अन् इंजिन बंद. मला तवाच समजलं. टपरीवर बसल्या बसल्या समजलं. हसलो ते उगीच, तोंड लपवायला. पण सत्तरीला आलेल्या मिस्त्रीनं पंचविशीच्या पोरीला "चुकलो" म्हणायचं, ते जिभेवर येईना. म्हणून तिच्याच माथी मारून मोकळा झालो. असा मी महारुद्र मिस्त्री, ज्याचं मत तुमी मागितलं.

तर आता मत घ्या. मशीन बिघडलं, तवा तिनं चूक शोधायला आधी नळ्या बघितल्या, मग सेन्सर, मग फिल्टर, मग वायरी, मग ऑइल हुंगलं. एकबी पायरी सोडली न्हाई. शेवटाला उपाशीपोटी मशीनवर दडून बसली. मी असतो तर पहिल्याच दिवशी डबा कापून मशीनचा सत्यानाश केला असता अन् वर मिशीला पीळ दिला असता. परमेश्वरनं लिंबू बांधलं असतं.

सीट तिचीच.

महारुद्र मिस्त्री, चारठाणा

*

शिवारवाडी
१८ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार. अर्धा.

कंपनीचा माणूस आला. लॅपटॉप लावला, डबा जाळायला घेतला, पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ मी आईला दोन शेतं पल्याड बसवलं होतं. लॅम्प गेला. डिझेल उतरलेलं ऑइल काढून नवं भरलं. तो म्हणला, अजून दोनदा असं अर्ध्यात तुटलं असतं तर डबाच बदलावा लागला असता. मग विचारलं, "बंद कोण करत होतं?" मी म्हणलं, "आमच्याकडं एक लय जुना मिस्त्री हाय." आणखी काही सांगितलं न्हाई. घरची इज्जत.

कोजागिरीला दूध आटवून झाल्यावर केशरबाईंनी तुमचं पत्र वाचलं. वाचताना दोनदा थांबल्या, हसू आवरंना. लिंबाच्या ओळीला तर सगळ्या बायका लोळायच्या बाकी होत्या. परमेश्वर उठून गेला. मग केशरबाई गंभीर झाल्या अन् म्हणाल्या, "मिस्त्रींनी लिहिलं म्हणून न्हाई. पोरगी उपाशी राहून टाकीमागं बसली म्हणून." सीट माझ्याकडं राहिली, मामा. कायमची.

मी तुमाला माफ केलं असं लिहिणार न्हाई. तुमी जशी सर्टिफिकिटं बघितल्याशिवाय देत न्हाई, तशी मीबी देत न्हाई. आई अजून मशीनकडं बघत न्हाई. किल्ली दिसली तरी हात पदरात घेते. तिला तुमीच येऊन समजवा. पुढल्या हप्त्यात डबा परत भरंल, तवा या. गुडघ्यांचं कौतुक सांगू नका, सुकेशनीताई तुमाला पुढची सीट देतील. तुमाला इंजिन ऐकू येणार न्हाई, पण पत्र्यावर हात ठेवलात तर कळंल.

राजेश्री

*

चारठाणा
२७ ऑक्टोबर

चि. राजेश्री,

आशीर्वाद. ह्या वेळी न मोजता.

घरी नीट पोचलो. सुकेशनीनं पुढची सीट दिली, पण रस्ता असा की गुडघे सोनपेठातच राहिले असं वाटायलंय.

तू जेवायला गेलीस अन् मला पायरीवर बसवून गेलीस, तेवढ्या चाळीस मिनिटांचा अहवाल तुला द्यायचा राहिला. तोंडानं सांगायची लाज वाटली, म्हणून लिहितो.

पत्र्यावर हात ठेवला. इंजिन चांगलं हाय. एकसारखं चालतं, कुठं अडखळत न्हाई. दहा मिनिटांनी तुझ्या शेजारचा शेतकरी आला अन् हातवारे करायला लागला, डिझेल जळायलंय, बंद करा. त्याला मी अशी शिवी दिली की तो काठी विसरून गेला. काठी तुझ्या घरी हाय, परत कर. मग परमेश्वर आला. तो काही बोलायच्या आतच त्यालाबी शिवी दिली. नंतर कळलं की तो बिचारा पाणी द्यायला आला होता. त्याला माझ्या वतीनं काही सांगू नको.

मग तानी येऊन शेजारी बसली. मी तिला म्हणलं, "तुझी चूक न्हाई, तानी, चूक माझी." ती काय बोलली मला ऐकू आलं न्हाई, पण तिचे डोळे भरले. दोघं तसेच बसलो. ऊन चांगलं होतं. लहानपणी शेतात बसायचो तसं वाटलं. कधी डोळा लागला कळलं न्हाई.

अन् राजेश्री, अर्धवट झोपेत माझाच हात किल्लीकडं गेला. उभं इंजिन, चाळीस वर्षांची सवय. तानीनं फटकन हातावर मारलं. एवढ्या जोरात, की मनगट अजून लाल हाय. मला मारताना तिला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मग ती किल्लीवर हात झाकून बसली, तू येईपर्यंत.

माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवरची ती ओळ आज चुना लावून पुसली. पुढल्या सीझनला लॅम्प लागला, की राखणीला मला बोलवू नको. तानीला बसव.

महारुद्र